मायच्या लुगड्याची वाकळ

प्रश्न : बाजारात दुकानदाराला घाम फोडणारी आमची माय गेली. तिची दोन सुती नऊवारी आहेत. वाकळ शिवायची, तर कशी?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : वाकळीला एकच पुरे, दुसरं तसंच जपा. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर. चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर होतात. काठ कापू नका, पदर वरच्या थरात घ्या. अस्तराला नवं कापड असेल तर आधी धुऊन आटवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. मधून कडेकडे कच्चे टाके घाला, मग बोटभर अंतराने धावदोरा. दोरा ओढला की वाकळ आक्रसते. विरलेल्या जागी मायच्याच पोलक्याचं ठिगळ लावा. तिला चाललं असतं.