निळीची नावे अनेक, क्रमांक एक: रसायनशास्त्रातील संदर्भशोधाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी सोलापुरात एम.एस्सी. करते. माझा प्रकल्प सुताच्या रंगाईतील निळीवर आहे. ‘इंडिगो’ असा शब्द टाकला की हजारो नोंदी येतात, तरीही महत्त्वाचे निबंध सुटले असे मार्गदर्शक म्हणतात. असे का होते?

उत्तर: शोध शब्दाचा झाला, पदार्थाचा झाला नाही. इंडिगो हे वनस्पतीचे नाव आहे, छटेचेही आहे. उलट हेच संयुग कोणी इंडिगोटिन म्हणून, तर रंग-उद्योगातील लेखक ‘व्हॅट ब्लू १’ म्हणून नोंदवतात. यावर उपाय म्हणून रसायनशास्त्रातील निबंधांचे सारांश प्रसिद्ध करणाऱ्या केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला एक नोंदणी क्रमांक, म्हणजेच कॅस क्रमांक, देण्यास सुरुवात केली. निळीचा क्रमांक ४८२-८९-३ आहे. आधी तो शोधावा, मग नावांची जोड द्यावी. केवळ रेणुसूत्रावर मात्र विसंबू नये, कारण सोळा कार्बन, दहा हायड्रोजन, दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन हे निळीचे सूत्र तांबूस छटेच्या इंडिरुबिनचेही आहे, आणि त्याचा क्रमांक ४७९-४१-४ असा वेगळा आहे.

प्रश्न: मी अक्कलकोट रोडवरील एका डाय हाऊसमध्ये काम करतो. ड्रमवरील कॅस क्रमांक पुसट झाला आहे. वाचलेला आकडा बरोबर आहे हे कसे ताडावे?

उत्तर: क्रमांकाचा शेवटचा अंक त्यासाठीच असतो. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून घ्यावेत आणि त्यांना क्रमाने १, २, ३ असे गुणावे. निळीसाठी ९, १६, ६, ३२ आणि २० येतात. बेरीज ८३, तिचा शेवटचा अंक ३, आणि क्रमांकाच्या शेवटीही ३ आहे. घाईत ८९ च्या जागी ९८ वाचले तर बेरीज ८४ होते आणि चूक लगेच उघडी पडते. ड्रममध्ये खरोखर तोच माल आहे की नाही, हे मात्र या गणिताने कळत नाही. त्यासाठी नमुना तपासावाच लागतो.

आपल्याकडे सल्फर रंगही असतील. त्यांची रचना नेमकी ठरलेली नसते, त्यामुळे तेथे रचनेवरून शोध घेणे फारसे उपयोगी पडत नाही आणि कलर इंडेक्स या रंगद्रव्यांच्या सूचीतील नावाकडेच वळावे लागते. इंग्रजीत सल्फर ‘एफ’ने आणि ‘पीएच’ने, दोन्ही प्रकारे लिहून पाहावे, रसायनांची नावे ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये ‘एफ’ स्वीकारला, पण जुने निबंध काही बदललेले नाहीत.

प्रश्न: एका जुन्या प्रबंधात ‘सी.ए. ४९, ८२०१डी’ असा संदर्भ आहे. याचा अर्थ काय?

उत्तर: सी.ए. म्हणजे १९०७ मध्ये सुरू झालेले निबंध-सारांशांचे नियतकालिक केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स. १९६१ पर्यंत वर्षाला एक खंड निघत असे, म्हणून खंडाच्या आकड्यात १९०६ मिळवले की वर्ष मिळते. येथे ते १९५५. पुढचा आकडा पानाचा नसून स्तंभाचा आहे, आणि अक्षर स्तंभात सारांश किती खाली आहे ते सांगते. अनेकजण ८२०१ वे पान शोधत बसतात, म्हणून हा खुलासा. १९६२ पासून वर्षाला दोन खंड झाले, १९६७ पासून सारांशांनाच क्रमांक मिळाले, तेव्हा हा हिशेब त्यापुढे लावू नये. सारांश सापडला तरी मूळ निबंध वाचल्याशिवाय उद्धृत करू नये, कारण प्रयोगातील तापमान आणि प्रमाणे सारांशात बहुधा गाळलेली असतात.

प्रश्न: हे सारे विनामूल्य मिळते का?

उत्तर: काही अंशी. पदार्थाची नावे, रचना आणि क्रमांक यांसाठी २००४ पासून चालू असलेले पबकेम हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. रसायनशास्त्रातील निबंध आणि पदार्थ शोधण्याची साधने असलेल्या सायफाइंडर आणि रिअ‍ॅक्सिस यांना वर्गणी लागते. निबंधांचा पूर्ण मजकूर मिळावा म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे; आपले महाविद्यालय तीत आहे की नाही, हे ग्रंथपालांकडे चौकशी केल्यास कळेल.