तीनशे दहा डॉलरचं जॅकेट दारात येईपर्यंत केवढ्याला पडतं?

प्रश्न: ताई, मी विजयनगरला राहतो, नुकताच नोकरीत सेट झालोय. परदेशातल्या एका साइटवर एक जॅकेट बघून ठेवलंय, तिथे डिझायनर आणि स्ट्रीटवेअर (हुडी, ढगळ जॅकेटं, स्नीकर्स असलं) दोन्ही निवडून ठेवलेलं असतं. सेलमध्ये ३१० डॉलर आहे. मित्र म्हणतो पार्सलवर गिफ्ट लिहायला सांग, कस्टम लागत नाही. आई म्हणते एम. टी. क्लॉथ मार्केटमधून कापड घे आणि शिवून घे. काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: आधी तुझ्या मित्राचं बघू, कारण तोच तुला गोत्यात आणणार आहे. ती गिफ्टवाली पळवाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून ड्यूटी न भरता माल सोडवायची सोय आता जीवरक्षक औषधांना आणि राखीला, तीही नुसत्या राखीला, राखीबरोबर भेटवस्तू पाठवली तर तिला नाही. आणि तू स्वतःच्या कार्डाने पैसे भरून मागवलेलं जॅकेट गिफ्ट कसं रे होईल, ते सरळसरळ खोटं डिक्लेरेशन झालं, पार्सल अडकलं की फोन तुलाच येणार. केवायसीसाठी तुझे कागद कुरिअरवाल्याकडे असतातच.

आता ते ३१० डॉलर, तो आकडा डोक्यातून काढून टाक. ड्यूटी लागते ती भाडं आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर, मग त्या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे करावर कर, वर कुरिअरची क्लिअरन्स फी आणि कार्डवाल्या बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे डॉलरमध्ये पैसे भरल्याबद्दलचं जादा शुल्क, वेगळाच. म्हणून पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानापर्यंत जा, पत्ता इंदूरचा टाक, आणि बघ की ड्यूटी धरून किंमत दाखवतायत की नाही. डीडीपी लिहिलं असेल तर ड्यूटी त्यांनी आधीच घेतलीय, डीएपी किंवा डीडीयू असेल तर कुरिअरवाला दारात येऊन मागणार. दोन साइटचे भाव कम्पेअर करताना लोक नेमकं हेच विसरतात आणि मग स्वस्त वाटलेलंच महाग पडतं.

(कस्टमच्या नावाने बोटं मोडायचा हक्क आपल्या शहराला जरा जास्तच आहे, बरं का. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग पॅलेस जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून करून घेतला, त्यासाठी फर्निचर युरोपातून मागवलं, आणि आज त्याच माणिकबागेत कस्टम-एक्साइज खात्याचं ऑफिस आहे!)

माल खरा असेल का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणारच. अशा साइट दोन जातीच्या असतात. एक, ज्यांचे बायर सीझनच्या आधी ब्रँडकडे जाऊन माल निवडतात आणि स्वतःच्या गोडाऊनमध्ये ठेवतात. दुसरी फारफेचसारखी, जिथे माल जगभरातल्या बुटिकांकडे पडलेला असतो आणि साइट फक्त ऑर्डर पुढे सरकवते, त्यामुळे एकाच ऑर्डरची दोन पार्सलं दोन देशांतून येऊ शकतात आणि कस्टमही दोनदा. नामांकित साइट असेल तर नकली मालाची भीती दोन्हीकडे कमीच, माझी खरी काळजी वेगळी आहे, परत पाठवायचं कसं. बाहेरदेशी परत पाठवलं की साइट कपड्याचे पैसे देईल, पण इथे भरलेली ड्यूटी आपोआप परत येत नाही. ‘फायनल सेल’ लिहिलं असेल तर परतीचा प्रश्नच मिटला, जॅकेट तुझंच. म्हणून मी तर म्हणेन रिटर्नचं पान आधी वाच आणि जॅकेटचे फोटो नंतर बघ.

आणि रिफंड स्टोअर क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याच साइटवर वापरायच्या कूपनच्या रूपात, देतो म्हणाले तर नको म्हण. लंडनची मॅचेस ही किती मोठी साइट, डिसेंबर २०२३ मध्ये विकली गेली आणि मार्च २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी क्रेडिट कार्डाने भरलेलं असेल तर निदान बँकेकडे चार्जबॅक मागता येतो, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात, स्टोअर क्रेडिटचं कूपन घेऊन कुठे जाणार.

साइझचं एकच सांगते, इटालियन ४८ म्हणजे आपल्याकडचा ३८ इंच छातीचा. स्ट्रीटवेअरमध्ये खांदे मुद्दाम उतरते आणि अंग ढगळ असतं म्हणून एम-एलवर विश्वास ठेवू नको, घरातलं मापात बसणारं जॅकेट पलंगावर पसर, काखेतून काखेपर्यंत टेप लाव आणि साइटच्या सेंटिमीटरशी ताडून बघ.

आईचं म्हणशील तर साधं, एकरंगी, सरळ कटचं जॅकेट असेल तर त्यांचं अगदी बरोबर आहे आणि चांगला टेलर ते तुझ्या अंगाला जास्त नीट बसवेल. पण त्या डिझायनरचा कट, वॉश, प्रिंट यासाठीच तुला ते हवं असेल तर ते इथे शिवून होत नाही, नक्कल मात्र होते. एक विचार कर, जाड लोकरीचं असेल तर आपल्या इंदुरात ते डिसेंबर-जानेवारी सोडून कधी घालणार आहेस?

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजात आहे. बुटांचा ‘ड्रॉप’ आहे, म्हणजे मोजकाच माल ठरल्या वेळी विकायला काढतात, म्हणून रात्री जागतो, मिळाले नाहीत की रीसेलवर जवळजवळ दुप्पट देऊन घ्यायचं म्हणतो. हे काय खूळ आहे? आणि ते बूट खरे असतात का?
— लोकमान्यनगरच्या एक वाचक

उत्तर: खूळ जुनं आहे हो. न्यूयॉर्कच्या सुप्रीमने १९९४ साली स्केटबोर्डवाल्यांचं एक छोटंसं दुकान काढलं आणि पुढे दर गुरुवारी थोडा थोडा माल सोडायची रीत पाडली, लोक रांगा लावायला लागले, रांगेतला माणूस तोच माल बाहेर जास्त भावाने विकायला लागला. मुद्दाम कमी बनवलं की भाव चढतो, एवढंच गणित. त्याला रागवू नका, पण दुप्पट भाव देऊ नका असं मात्र सांगा, कारण पुष्कळ मॉडेलं काही महिन्यांनी पुन्हा येतात आणि भाव उतरतो.

खरेपणाची हमी रीसेलमध्ये शंभर टक्के कुणाचीच नाही. स्टॉकएक्स ही एवढी मोठी रीसेल साइट, तिने नकली नाइकी विकल्याचं अमेरिकेच्या कोर्टाने मार्च २०२५ मध्ये मान्य केलं, तिथे गल्लीतल्या इन्स्टा पेजचं काय घेऊन बसलात. मुंबईचं सुपरकिक्स, दिल्लीचं व्हेजनॉनव्हेज यांच्यासारख्या दुकानांच्या साइटवर नवा माल थेट कंपनीचा येतो, तिथे छापील किमतीत मिळाले तर घेऊ द्या. नंबर सेंटिमीटरमध्येच बघायला सांगा, नाइकीचा यूके ८ म्हणजे २७ सेंटिमीटर आणि आदिदासचा यूके ८ म्हणजे साडेसव्वीस, यातच निम्मे बूट बदलून घ्यावे लागतात. आणि हो, २,५०० रुपयांवरच्या बुटांना १८ टक्के जीएसटी आहे, बिल न देणारा ‘टॅक्स वाचवून देतो’ म्हणाला की समजा गडबड आहे.

प्रश्न: फेसबुकवर लुई व्हिताँच्या बॅगा ७० टक्के सूट देऊन विकणारी साइट दिसली, ‘फक्त १२ मिनिटं बाकी’ असं घड्याळ चालू होतं. घेऊ का?

उत्तर: नाही. लुई व्हिताँ नवा माल स्वतःच्या दुकानात आणि स्वतःच्याच साइटवर विकते, तिथे सेल लागत नाही. ते उलटं पळणारं घड्याळ म्हणजे ‘खोटी घाई’, २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (साइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांच्या) सरकारी नियमावलीत त्यावर बंदी आहे. पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला कळवा, मग १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवले जायची शक्यता जास्त. साइट खरी आहे पण माल खराब आला आणि कुणी दाद देत नाही, असं असेल तर मात्र १९१५, ग्राहक हेल्पलाइन. इथल्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्यात निकाल, म्हणून तक्रार फोनवर नाही, ईमेलने करा, तारखेसकट.