डोकं दुखायचं थांबलं म्हणजे बरा झाला का?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की इथल्या मराठी घरांतून कन्कशनबद्दल, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूच्या कामात होणाऱ्या बिघाडाबद्दल, प्रश्न येऊ लागतात. त्यातले हे चार.

प्रश्न : टॅकल करताना मुलाच्या डोक्याला मार बसला. सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी टीमचे डॉक्टर खेळू देत नाहीत. का?

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम, म्हणून स्कॅन बहुधा नॉर्मलच येतो. निदान झालं की त्या दिवशी खेळाडूला परत उतरवायचं नाही, हा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचा, नियम आहे. पुढचा निर्णयही डॉक्टरांचा, कोचचा नव्हे.

प्रश्न : सहाव्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं. "बाबा, मी एकदम ओके आहे," म्हणतो. मग पुन्हा पुन्हा तपासण्या कशाला?

कारण त्याच्या डोळ्यांपुढे शनिवारची मॅच असते. त्याला खोटं बोलायचं नसतं, पण खेळायचं फार असतं.

शिवाय सगळं एकाच दिवशी बरं होत नाही. एनसीएएच्या फुटबॉल खेळाडूंवरच्या २००३ च्या अभ्यासात तोल ३ ते ५ दिवसांत सावरला, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग ५ ते ७ दिवसांत, आणि बाकीचा त्रास जायला साधारण आठवडा लागला. ही सरासरी झाली; काहींना बराच जास्त वेळ लागतो.

म्हणून आम्ही तपासणारे त्याला उभं करतो. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकलेली, हात कमरेवर, डोळे मिटलेले, वीस सेकंद. पुढच्या फळीत खेळणारा धिप्पाड लाइनमन असतो, पण हात कमरेवरून सुटतो, पाऊल बाजूला पडतं. अशी प्रत्येक चूक मोजायची. मग दहा शब्द ऐकवायचे, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावायचे आणि पाचेक मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारायचे. हे आकडे त्याच्या स्वतःच्या बेसलाइनशी, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या याच चाचण्यांच्या निकालाशी, ताडून बघतो. तेही जुळले की व्यायामाने नाडी वाढवून त्रास परततो का ते पाहतो.

प्रश्न (एका खेळाडूचा) : सीनिअर सांगतात, बेसलाइन मुद्दाम वाईट दे, म्हणजे नंतर लवकर पास होशील. खरं का?

कृपा करून असं करू नकोस. कॉम्प्युटरवरच्या चाचणीत असे निकाल पुष्कळदा पकडले जातात. आणि नाही पकडला गेलास, तर तुझं नुकसान ओळखायचं मोजमापच तू बिघडवलंस. २००३ मध्येच छापलेल्या आणखी एका अभ्यासात एकाच हंगामात १२ खेळाडूंना दुसरं कन्कशन झालं. त्यातल्या ११ जणांना पहिल्यानंतर दहा दिवसांच्या आत. पूर्वी तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांना नवं कन्कशन होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. हे आकडे तुझ्या सीनिअरलाही दाखव.

प्रश्न : घरी आणल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू का?

नको. पहिले २४ ते ४८ तास दगदग नको, मोबाइल कमी, मग रोजचं चालणं-फिरणं सुरू करू द्या. आधी वर्ग, मग मैदान. खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान एक दिवस. अंगावर अंग घेण्याचा सराव पाचव्या पायरीला, तोही डॉक्टरांच्या परवानगीनेच. मात्र वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, किंवा जागं करताना न उठणं यांपैकी काहीही दिसलं तर टीमच्या डॉक्टरांची वाट न पाहता ९११ ला फोन करा.