रुळांच्या सांध्यावरची फिशप्लेट नेमके काय काम करते, आणि कोकण रेल्वेवर ती फारशी का दिसत नाही?

नावात फिश असले तरी आपल्या बांगड्या-सुरमईशी तिचा संबंध नाही. जहाजाच्या डोलकाठीला बळकटीसाठी जी लाकडी पट्टी बांधत, तिच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला.

दोन रुळांची टोके जेथे भेटतात, तेथे दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी पट्टी लावून साधारणतः चार बोल्टांनी आवळतात. पट्टी रुळाच्या मधल्या उभ्या भागाला चिकटत नाही. ती माथ्याच्या खालच्या आणि तळाच्या वरच्या उतारांमध्ये पाचरीसारखी बसते, आणि म्हणूनच बोल्ट आवळला की सांधा घट्ट होतो. बोल्टांची भोके मात्र मुद्दाम थोडी मोठी असतात, कारण १३ मीटरचा रूळ ३० अंशांच्या तापमानवाढीने सुमारे साडेचार मिलिमीटर लांबतो. त्यासाठी ठेवलेल्या फटीवरून चाक गेले की ओळखीचा 'खडखड' आवाज येतो.

कोकण रेल्वेवर, अन्य मुख्य मार्गांप्रमाणेच, रूळ बहुतांशी वेल्डिंगने जोडलेले असल्याने हा आवाज कमी. तरीही रत्नागिरीसारख्या स्थानकाच्या आवारात बोल्ट लावलेले सांधे दिसू शकतात. ट्रॅक सर्किटच्या, म्हणजे रुळांतून वीज सोडून तेथे गाडी आहे का हे ओळखणाऱ्या यंत्रणेच्या, सीमेवर तर फटीत विद्युतरोधक तुकडा घातलेला असतो, म्हणजे सिग्नलचा प्रवाह पुढे जात नाही. बोल्टच्या सांध्यांना वंगण नियमित लागतेच. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत गंजलेला बोल्ट सोडवणे हे ट्रॅकमनचे सर्वांत नावडते काम असावे.