आमच्या लघुपटाला वयाचा कोणता शिक्का लावावा : यू, यूए की ए?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : परभणीत कॉलेजच्या प्रकल्पासाठी केलेला लघुपट, कर्जात बुडालेला बाप आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा, मधे दारू आणि शिव्या, शेवटी फवारणीच्या औषधाचा डबा. याच्यावर काय छापायचं?

यू, यूए, ए यातलं काहीही छापू नका. या खुणा केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या आहेत, त्या प्रमाणपत्रासोबतच येतात. टॉकीजमध्ये तिकीट लावून दाखवणार असाल तर ई-सिनेप्रमाण संकेतस्थळावरून रीतसर अर्ज करावा लागेल. महोत्सवाला पाठवणार असाल तर प्रमाणपत्रातून सूट मिळवणं आयोजकांचं काम. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ महोत्सवासारख्या ठिकाणी पाठवताना त्यांची नियमावली तेवढी नीट वाचा. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवताना साध्या मराठीत शिफारस लिहा. मंडळाच्या पायऱ्या मात्र मापासाठी जरूर वापरा. 2023 च्या कायदादुरुस्तीपासून यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झालेत. यूए म्हणजे मुलांना बंदी नव्हे, दाखवायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवायचं. दारातच अडवायचं ते फक्त ए, म्हणजे केवळ प्रौढांसाठी असेल तेव्हा.

आता तुमच्या सिनेमाकडे. विषय गंभीर म्हणून वय वाढतं असं नाही. तो कसा दाखवलाय यावर ठरतं. बाप दारू पिऊन येतो आणि घर गप्प होतं, हे तेरा वर्षांच्या पोरापुढे चालेल. तोच बाप मित्रांत बसून पितोय, गाणं वाजतंय, सगळे खूश आहेत, तर मी वय वाढवीन. शिव्यांचं म्हणाल तर ‘मायला’ आपल्याकडे लेकरंसुद्धा येताजाता म्हणतात, त्यावर डोकं खाजवू नका. आईबहिणीवरच्या शिव्या वेगळ्या. सावकाराच्या तोंडी एखादी असेल आणि ती टोचत असेल तर राहू द्या. पोरं हसावीत म्हणून पेरलेल्या काढा. त्या तशाही तुमच्या सिनेमाला मदत करत नाहीत.

खरा प्रश्न शेवटच्या दृश्याचा. शहरातल्या मुलाला तो डबा म्हणजे सिनेमातली एक वस्तू. आपल्याकडच्या मुलाच्या घरी तसाच डबा ढाळजेत नाहीतर शेतातल्या खोपीत पडलेला असतो. ‘औषध पिलं’ याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्यातून त्याच्याच गल्लीत असं काही घडलेलं असेल तर तो सिनेमा पाहत नसतो, आठवत असतो. म्हणून झाकण उघडणं, ओतणं, डब्यावरचं नाव, किती घेतलं, यातलं काहीच नको. बाप डब्याकडे पाहतो तिथे कापा आणि मुलाच्या चेहऱ्यावर या. दृश्य कमजोर होईल अशी भीती तुमच्या दिग्दर्शकाला वाटेल. मला उलट वाटतं. आणि मरण म्हणजे कर्जातून सुटका, असा सूर संवादात कुठेही येत नाही ना, ते एकदा तपासा.

आज तुम्ही वर्णन केलाय तसाच ठेवला तर माझं उत्तर 16+. शेवट असा बदलला आणि पेरलेल्या शिव्या गेल्या तर 13+, म्हणजे आठवी-नववीच्या वर्गाला शिक्षकांच्या सोबतीनं दाखवता येईल. ए लायक यात मला काही दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत न्यायचा असेल तर आधी मुख्याध्यापकांना एकट्यांना पूर्ण दाखवा आणि नंतर गप्पांना वेळ ठेवा.

यूट्यूबवर 13 किंवा 16 अशी पायरीच नाही. ‘मुलांसाठी बनवलेला’ याला नाही म्हणा. 18 वर्षांची अट विनाकारण लावू नका. ती लागली की लॉग-इन केल्याशिवाय कुणाला दिसत नाही आणि बहुतेक इतर संकेतस्थळांवर व्हिडिओ चालतही नाही.

सुरुवातीची पाटी मी अशी लिहीन : ‘शिफारस : 16 वर्षे व पुढे. आत्महत्येचा संदर्भ, मद्यपान, शिवराळ भाषा.’ वाचून होईल इतका वेळ ती पडद्यावर ठेवा. गावात दाखवाल तिथे कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटच्या नामावलीच्या आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक टाका, त्यावर मराठीतही बोलता येतं.