टीएलडी बॅज की पॉकेट डोसीमीटर?

कॅथलॅबला (अँजिओप्लास्टीची एक्स-रे खोली) लागलायस ना, मग अंगावर पडणारं रेडिएशन मोजायला दोन्ही वापर, कामं वेगळी आहेत. टीएलडीतल्या (थर्मोल्युमिनेसंट डोसीमीटर) कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या डोस, म्हणजे मिळालेलं रेडिएशन, साठवतात. आकडा तिमाही रिपोर्टमध्ये कळतो, पण रेकॉर्डला धरतात तो हाच. बॅज छातीवर, लेड एप्रनच्या आत लाव. बाहेर लावलास तर आकडा फुगतो आणि खुलासे लिहीत बसावं लागतं! ड्युटी संपली की एप्रनसोबत खोलीत लटकवून जाऊ नकोस. कंट्रोल बॅज (कुणी न घालायचा, तुलनेसाठीचा) रेडिएशनपासून लांबच हवा, बाकीचे त्याच्याशी ताडतात.

इलेक्ट्रॉनिक पॉकेट डोसीमीटर डोस जागच्या जागी दाखवतो. अँजिओप्लास्टी लांबली की कुठं सरकायचं ते उमगतं. मात्र पल्स्ड (थांबून-थांबून सुटणाऱ्या) एक्स-रेत काही मॉडेलं कमी दाखवतात, घेण्याआधी विचारून घे. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०.