आठ महिने १२०० कॅलरीवर राहून वजन अडकलंय, थकवा आणि थंडी वाजते. एकदम पोटभर जेवू की हळूहळू वाढवू?

हळूहळू वाढवा, पण वर्षभर रेंगाळू नका. दर आठवड्याला १००-१५० कॅलरी, म्हणजे साधारण एक पोळी आणि तिच्यावर चमचाभर तूप, एवढी भर पुरे. दीर्घ उपासमारीत शरीर ऊर्जेचा खर्च आटवतं: वजन घटल्यामुळे तर घटतोच, शिवाय थायरॉइड संप्रेरक मंदावतं आणि नकळत हालचालही कमी होते. हे नीट मोजलं गेलं ते अमेरिकेत १९४४-४५ मध्ये, शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या मिनेसोटा प्रयोगात. ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तर त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्के उतरला. नंतर ज्यांना जेमतेमच वाढवून दिलं, ते सावरेनात. भरपूर अन्न मिळाल्यावरच ताकद परतली. म्हणजे चयापचय बरा होतो तो पुरेशा खाण्याने. हळू जाण्यात वेगळी जादू नाही, फायदा इतकाच की भुकेवर ताबा राहतो आणि मन धास्तावत नाही. वाढीव पोळीसोबत वाटीभर घट्ट वरण किंवा दही घ्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, म्हणजे स्नायू भरून येतील. पहिल्या पंधरवड्यात काटा किलोभर वर गेला तर कृपा करून पुन्हा जेवण तोडू नका. स्नायूंत साखरेचा साठा भरतो, तो पाणी धरून ठेवतो, ते हे वजन. मात्र वजन फारच खाली गेलं असेल, पाळी थांबली असेल किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर स्वतःहून वाढवू नका. अशा वेळी अचानक खाल्ल्याने रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकतं, म्हणून आधी डॉक्टर गाठा.